टेटलोंची शिकवणी

"तुमचं इंग्रजी फार स्वच्छ आहे," दिग्दर्शक म्हणाला.

मी त्याचे आभार मानले. क्षणभरानं कळलं की ती तक्रार होती.

१९६८ सालचा ऑक्टोबर महिना. हॅमरस्मिथमधल्या एका चर्चचा हॉल, लांब लाकडी टेबल, पलीकडे तिघं बसलेले. मी नुकतीच डॉक्टर दासची तीन पानं वाचून दाखवली होती. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणीच्या गावात दवाखाना चालवणारा भारतीय डॉक्टर. टीव्हीवर दाखवायच्या दीड तासाच्या नाटकातली ही मुख्य भूमिका होती. लंडनला येऊन मला सात वर्षं झाली होती आणि या सात वर्षांत मी दोन वेटर, एक हमाल आणि नदीतून बाहेर काढलेलं एक प्रेत, एवढी कामं केली होती. पोट पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसातल्या पहाटेच्या पाळीवर चालायचं.

"प्रेक्षकांना तो भारतीय वाटायला हवा, मिस्टर टिप," दिग्दर्शक म्हणाला. मार्टिन ब्रेस त्याचं नाव. माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान असेल. "तुम्ही बोलता ते एखाद्या वकिलासारखं वाटतं."

माझं नाव सदानंद टिपणीस. तिथं सगळे टिप म्हणायचे.

"भूमिका आर्थर टेटलो करतील. पण त्यांना कुणीतरी शिकवायला हवं. उच्चार, चालणं, हात कसे हलतात, ते सगळं. तुम्ही शिकवाल का?"

मी हो म्हणालो. घरी गेल्यावर सुलभाला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरायची थांबली.

"म्हणजे काम तुमचं, आणि ते करणार तो?"

"हो."

"आणि तुम्ही लगेच हो म्हणालात?"

"लगेच म्हणालो."

ती पुन्हा भाजी चिरू लागली.

आर्थर टेटलो हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. तिथंही फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. चेहरा मात्र घराघरात ठाऊक होता. चाळीस वर्षं ते पाद्री, बटलर, स्टेशनमास्तर, मृत्युपत्र वाचून दाखवणारा वकील, खुनाची बातमी द्यायला दार ठोठावणारा इन्स्पेक्टर, असली कामं करत आले होते. दोन-चार वाक्यं बोलायची आणि बाजूला व्हायचं. एकदा बसमध्ये माझ्यासमोर एका बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही आमच्या बँकेत होता ना?" टेटलो म्हणाले, "होतो. आता निवृत्त झालो." बाईंनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. त्यांनी बाईंच्या नवऱ्याची केली.

लंडनच्या बार्न्स भागात दुसऱ्या मजल्यावर ते एकटेच राहायचे. दोन खोल्या आणि मागच्या बाजूला चिंचोळं स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला, समोर बसले आणि म्हणाले, "ही भूमिका तुम्ही वाचली होती, असं मला कळलं."

"हो."

"चांगली वाचली होती?"

"चांगली वाचली होती."

"मग मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण मी भूमिका सोडणार नाही. छप्पन्न वर्षांचा आहे मी. पहिल्या पानावर मी आहे आणि शेवटच्या पानावरही मीच आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा घडतंय. तुम्हाला राग येणार असेल तर आत्ताच येऊ द्या. नंतर आपल्याला वेळ नाही."

मला राग आला नाही. निदान तेव्हा तरी आला नाही. मी वही काढली.

त्यांच्या नावाआधी मिस्टर लावलेलं त्यांना आवडायचं नाही. मलाही पहिल्या दिवसापासून ते टिप न म्हणता टिपणीस म्हणायचे. 'ण' त्यांना जमत नव्हता. रोज दार उघडताना ते माझं नाव दोन-तीनदा म्हणून बघायचे. उत्तरेकडच्या ओल्डहॅम गावातल्या एका ट्रामचालकाचा हा मुलगा. सोळाव्या वर्षी फिरत्या नाटक कंपनीत शिरला तेव्हा त्याचंही बोलणं असंच कुणीतरी घासूनपुसून सरळ केलं होतं. "माझ्या आईला शेवटी शेवटी माझं बोलणं कळायचं नाही," ते एकदा म्हणाले आणि लगेच पुढच्या वाक्याकडे वळले.

आठवड्यातून तीन दुपारी मी त्यांच्याकडे जायचो. शिकवणार काय, हा प्रश्न होता. डॉक्टर दास ज्या तऱ्हेचं इंग्रजी बोलायला हवा होता ते मला येत नव्हतं. म्हणून मी त्यांना नानांचं इंग्रजी शिकवलं.

नाना म्हणजे माझे वडील. महाडच्या सरकारी दवाखान्यात ते एकतीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर यायचे, बदलून जायचे. मधले कित्येक महिने जागा रिकामीच असायची. तेव्हा नानाच सगळं बघायचे आणि आसपासच्या गावांतली माणसं त्यांनाच डॉक्टर म्हणायची. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचून ते इंग्रजी शिकले होते. प्रत्येक अक्षर वेगळं, जड, तोलून काढलेलं. पेशंटला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचे. हात गार लागला की माणूस आखडतो आणि मग पोटातलं दुखणं कळत नाही, असं ते म्हणायचे. ऐकताना मान थोडी डावीकडे कलती. खुर्चीत बसण्याआधी खुर्ची उगाचच एकदा हलवून बघायची.

टेटलो हे सगळं विचारून घ्यायचे. त्यांचे प्रश्न चमत्कारिक असायचे. तळवे कधी घासतात, हे त्यांनी विचारलं नाही. "कधी घासत नाहीत?" असं विचारलं. मी विचार केला. म्हणालो, "घरी कुणी आजारी असेल तेव्हा. आमच्या कपाळाला हात लावताना नाही घासायचे."

"का?"

"ठाऊक नाही. घाईत असतील."

त्यांनी ते लिहून घेतलं.

तीन आठवड्यांत ते नानांसारखं बोलायला लागले. एकदा मी जिना चढत असताना ते आत एकटेच संवाद म्हणत होते. मी पायरीवर थांबून सगळं ऐकलं आणि मग बेल वाजवली.

अडचण एका प्रवेशाची होती. दवाखाना चालू आहे, समोर मिसेस हॉलंड नावाची पेशंट बसली आहे, आणि डॉक्टर दासला फोन येतो की भारतात त्याची बायको वारली. लेखकानं कंसात लिहिलं होतं की डॉक्टर छाती पिटून आक्रोश करतो आणि आपल्या देवांना हाका मारतो. ब्रेसला तो प्रवेश फार आवडत होता.

"हे मला जमणार नाही," टेटलो म्हणाले. "मी मूर्ख दिसेन. तुमच्याकडे असं करतात?"

"काहीजण करतात."

"तुम्ही कराल?"

"सांगता येणार नाही. माझं अजून कुणी गेलेलं नाही."

"तुमचे वडील काय करतील?"

"तेही मी पाहिलेलं नाही."

आई गेली तेव्हा मी मोठा असतो तर कदाचित सांगता आलं असतं. पण ती मी दीड वर्षाचा असताना गेली आणि नाना त्याविषयी कधी बोलले नाहीत. हे मी टेटलोंना सांगितलं नाही. तो प्रवेश आम्ही बाजूला ठेवला.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. आम्ही बत्तिसाव्या पानावर होतो. फोन वाजला. टेटलोंनी उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"तुमच्या पत्नी."

आमच्या घरी फोन नव्हता. टेटलोंचा नंबर मी सुलभाला लिहून दिला होता, पण तिनं तो कधी वापरला नव्हता. ती कोपऱ्यावरच्या बूथमधून बोलत होती. मागून गाड्यांचा आवाज येत होता.

"अहो, तार आलीय. अण्णांची."

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. ते महाडलाच असायचे.

"वाच," मी म्हणालो.

"नाना गेले." तिचा आवाज फुटला. "रविवारी गेले. सगळं उरकलं, असं लिहिलंय. अहो, रविवारी. आज मंगळवार आहे."

"बरं."

"तुम्ही घरी या."

"येतो. इथलं उरकून येतो."

"इथलं काय उरकून?" ती म्हणाली आणि तेवढ्यात लाइन तुटली.

मी रिसीव्हर ठेवला. तो उलटा ठेवला गेला होता. मी तो उचलून सरळ ठेवला. मग खुर्चीत बसलो.

"आपण बत्तिसाव्या पानावर होतो," मी म्हणालो.

टेटलोंनी पानाकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते.

"मिसेस हॉलंड म्हणते, डॉक्टर, मला झोप लागत नाही. तिथून घ्या."

त्यांनी घेतलं. एक उच्चार चुकला. मी सुधारला. पुन्हा चुकला, मी पुन्हा सुधारला. मग "एक मिनिट" म्हणून मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. नळ सोडला आणि त्याखाली डोकं धरलं.

आमच्याकडे माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घेतात. बातमी लांबून आली तरी घेतात. असा काही विचार मी तेव्हा केला नव्हता. पाणी फार गार होतं. कानात गेलं, मानेवरून शर्टात उतरलं. किती वेळ तसा वाकलो होतो ते मला सांगता येणार नाही. नळ बंद केला, कोट घातला आणि बाहेर येऊन पुन्हा खुर्चीत बसलो. केसांतलं पाणी बत्तिसाव्या पानावर टपकत होतं. पेन्सिलीच्या खुणा तशाच राहिल्या, टाइप केलेली अक्षरं मात्र फुगली.

"म्हणा," मी म्हणालो. "'आणि भूक लागते का?' भूक या शब्दावर जोर नको. साधं विचारायचं."

टेटलो स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. मी आत असतानाही तिथंच असावेत. त्यांनी मला टॉवेल दिला नाही. ते येऊन समोर बसले आणि म्हणाले, "आणि भूक लागते का?"

"बरोबर," मी म्हणालो.

आम्ही चाळिसाव्या पानापर्यंत गेलो. अंधार पडला होता. मी वही पिशवीत घातली. टेटलो जिन्यापर्यंत आले.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"वडील."

"म्हणजे, मी ज्यांच्यासारखं बोलतो ते?"

"हो."

"उद्या येऊ नका."

"उद्या आपला वार नाही," मी म्हणालो. "परवा येतो."

घरी पोचेपर्यंत केस वाळले होते. सुलभानं गॅसवर पाणी तापवून ठेवलं होतं. "डोक्यावरून घ्या," ती म्हणाली. मी घेतलं. एकदा झालं आहे, हे सांगितलं नाही. तिनं नानांचा फोटो कपाटावर ठेवून पुढं दिवा लावला होता. ती रडत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि तार वाचली. तारेत सात शब्द होते. मी ती दोन-तीनदा वाचली. मग तिनं केलेला भात जेवलो. दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर गेलो आणि गुरुवारी टेटलोंकडे गेलो.

गावी जायला हवं होतं का, हे सुलभानं पुढं कितीतरी दिवस विचारलं. महाडला जाऊन करायचं काय होतं? अण्णांनी अग्नी दिला होता. दहावं-तेरावं तेच करणार होते. मी विमानात बसलो असतो तरी मला नाना दिसणार नव्हते. हे सगळं मी तिला नीट समजावून सांगायचो. ती ऐकायची. "पण तुम्हाला रडू कसं येत नाही?" असं तिनं एकदाच विचारलं. मी म्हणालो, येईल.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्टुडिओत चित्रीकरण झालं. मला हजर राहायला सांगितलं होतं. टेटलोंना चेहऱ्याला, मानेला, हातांना तपकिरी रंग लावला होता. जवळून रंग लगेच कळायचा. मॉनिटरवर कळत नव्हता. ते सेटवर आले, खुर्ची एकदा हलवून पाहिली आणि बसले. मी केबलींच्या मागं उभा होतो.

फोनच्या प्रवेशाआधी ब्रेस आणि टेटलो बाजूला जाऊन बोलत होते. रंगवाली मुलगीही तिथं होती. "वाहून जाईल," असं ती दोनदा म्हणाली. ब्रेस वैतागला होता. शेवटी त्यानं हात वर केले. "एकदाच," तो म्हणाला. "नाहीतर लिहिलंय तसं करायचं."

दवाखान्याच्या सेटवर कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं. नळाला खरं पाणी जोडलेलं आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

फोन वाजला. डॉक्टर दासनं तो घेतला, ऐकला. "बरं," एवढंच म्हणाला. रिसीव्हर ठेवला. तो उलटा ठेवला गेला होता. त्यानं तो उचलून सरळ ठेवला. मग मिसेस हॉलंडकडे वळून नानांच्या आवाजात म्हणाला, "आपण कुठं होतो?" ती म्हणाली, झोप लागत नाही. त्यानं एक-दोन प्रश्न विचारले. "एक मिनिट," म्हणाला. उठला, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि नळाखाली डोकं धरलं.

स्टुडिओत सत्तर-ऐंशी माणसं होती. पाण्याचा आवाज सोडून कसलाही आवाज नव्हता.

तो परत येऊन बसला. कानामागून रंगाचा एक ओघळ उतरून पांढऱ्या कॉलरवर आला. समोरच्या कागदावर पाणी टपकत होतं. "आणि भूक लागते का?" त्यानं विचारलं. भूक या शब्दावर जोर नव्हता.

ब्रेसनं थांबा म्हटलं तेव्हा मिसेस हॉलंडचं काम करणारी बाई खरीच रडत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी उभा असलेला इलेक्ट्रिशियन मला म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत ना त्यांना? कमाल आहे." मी थँक्यू म्हणालो.

संध्याकाळी मी टेटलोंच्या खोलीत गेलो. ते आरशासमोर बसून क्रीमनं रंग काढत होते. डावा गाल गोरा झाला होता, उजवा अजून तपकिरी होता.

"बसा, टिपणीस," ते म्हणाले. 'ण' बरोबर आला होता.

मी बसलो नाही. "तुम्ही मला टॉवेल दिला नाही," मी म्हणालो.

काय बोलायचं ते मी ठरवून आलो नव्हतो. हेच निघालं.

"नाही दिला," ते म्हणाले.

"मी थंडीनं कुडकुडत होतो. माझे वडील गेले होते. आणि तुम्ही दारात उभं राहून बघत होता."

"हो."

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

त्यांनी कापूस खाली ठेवला. माझ्याकडे वळले नाहीत. आरशातूनच बोलले. "टॉवेल नळाच्या बाजूला खिळ्याला होता. निळा. तुम्ही डोकं वर काढलंत आणि त्याच्याकडे हात नेला. मग समोरच्या खिडकीच्या काचेत तुम्हाला मी दिसलो." ते थांबले. "आणि तुम्ही हात मागे घेतलात."

ते खरं होतं.

पुढं आयुष्यभर ही हकिगत मी ज्यांना सांगितली त्यांना टॉवेल न देणाऱ्या इंग्रजाची म्हणून सांगितली. ऐकणारे चिडायचे. खिळ्यावरच्या टॉवेलविषयी आज पहिल्यांदा सांगतो आहे. मला तो दिसला होता. काचेत टेटलोही दिसले होते. केस पुसून बाहेर गेलो तर ते दिसायला साधं होईल, न पुसता गेलो तर होणार नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं होतं. नाना गेल्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. मला ते कळून दहा मिनिटंही झाली नव्हती.

"माझी आई गेली तेव्हा मी हडर्सफील्डला होतो," टेटलो म्हणाले. "विनोदी नाटक होतं. मी पाद्री. मध्यंतरात तार आली. ती वाचून पहिली गोष्ट मी काय केली असेल? आरशात पाहिलं. चेहरा काय करतोय ते बघायला." त्यांनी पुन्हा कापूस उचलला. "तो चेहरा मी आजवर अकरा वेळा वापरला. त्यातल्या दोन वेळा लोकांना हसवायला."

"तुम्हाला लाज वाटते?"

"सुरुवातीला वाटायची." त्यांनी उजवा गाल पुसायला घेतला. "तुम्ही नट आहात, टिपणीस. इथं तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगतो. मी माझ्या एजंटशी बोलतो. तो तुम्हाला पत्र पाठवेल."

सात वर्षं मी हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट पाहत होतो. "आभारी आहे," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

एजंटचं पत्र आलं. मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर मी नाटकात किंवा टीव्हीवर कधीच काम केलं नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातसुद्धा नाही. पोस्टातच राहिलो, पुढं सुपरवायझर झालो, निवृत्त झालो. लोक विचारायचे की एवढी हौस होती तर सोडलं का. मी म्हणायचो, गोऱ्यांच्या देशात आपल्या रंगाला काम कोण देणार? ते खोटंही नव्हतं. सगळे मान हलवायचे.

टेटलोंना त्या कामासाठी एक बक्षीस मिळालं. आयुष्यातलं एकुलतं एक. त्यानंतर ते पुन्हा पाद्री आणि स्टेशनमास्तर करू लागले. तेरा वर्षांनी वारले तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. नाटकाची टेप टीव्ही कंपनीनं तोवर पुसून टाकली होती. त्या काळी टेपा पुन्हा वापरायची पद्धत होती. म्हणजे तो प्रवेश आता कुठंच नाही.

तो मी आणि सुलभानं एकदाच पाहिला, जानेवारीत, आमच्या घरमालकीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत. मिसेस क्वर्क विधवा होत्या, स्वभावानं मोकळ्या. नाटकात माझा काही हात आहे हे ऐकून त्यांनी आम्हाला खाली बोलावलं होतं आणि बिस्किटं मांडून ठेवली होती. टीव्ही काळा-पांढरा. टेटलो पडद्यावर आले तशा त्या म्हणाल्या, "हा गेल्या वर्षी पाद्री होता."

डॉक्टर दासनं पहिल्या पेशंटला हात लावण्याआधी तळवे घासले. सुलभा माझ्या शेजारी ताठ झाली. लग्नानंतर ती वर्षभर महाडला राहिली होती. "अहो, नाना," ती हळूच म्हणाली. मी मान हलवली.

फोनचा प्रवेश आला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर कॉलरवरचा ओघळ नुसत्या पाण्याचा दिसत होता. मिसेस क्वर्क डोळे पुसत होत्या. सुलभा पडद्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

नाटक संपल्यावर आम्ही बाईंचे आभार मानले आणि वर आलो. सुलभानं दार लावलं. दिवा लावला नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीच्या पडद्यातून येत होता.

"ते पाणी घेण्याचं तुम्ही सांगितलंत त्यांना?" तिनं विचारलं.

"नाही. त्यांनी पाहिलं. तुझा फोन आला त्या दिवशी."

"म्हणजे त्यांच्या घरी तुम्ही..."

"हो."

"आणि घरी येऊन पुन्हा घेतलंत?"

"हो."

"सांगायचं होतं ना. एवढ्या थंडीत." ती पलंगाच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "त्यात तो डॉक्टर रडत नाही. तुम्ही रडलात का तिथं?"

मी तिच्याकडे पाहिलं. दोन महिने ती या प्रश्नापाशी येऊन मागं फिरत होती.

"हो," मी म्हणालो.

"खूप?"

"खूप." मी तिच्याजवळ बसलो. आवाज खाली आणला. "आधी कळलंच नाही मला. पाणी म्हणून वाटलं. मग थांबेचना. टेटलोंनी खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ तसेच उभे होते. काही बोलले नाहीत."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मग माझा हात हातात घेतला, आणि तिचे खांदे सैल पडलेले मला अंधारातही कळले.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही एकटेच होता."